टर्बो गाडी घरी सांभाळणं आणि तिची ताकद वाढवणं: सुरुवात कुठून करायची

टर्बो इंजिनाची एक खोड आधी समजून घ्या. ते आपलं दुखणं बराच काळ लपवून ठेवतं. टर्बोपासून इंजिनाकडे दाबलेली हवा नेणाऱ्या नळीला बारीक चीर पडली आणि थोडी हवा बाहेर जाऊ लागली, तर इंजिनचा संगणक, म्हणजे इसीयू, वेस्टगेट (एक्झॉस्टचा जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) आणखी थोडा बंद ठेवतो. टर्बो जास्त जोरात फिरतो, ठरलेला दाब गाठला जातो आणि गाडी पूर्वीसारखीच पळतेय असं तुम्हाला वाटतं. आत मात्र टर्बोचा दांडा जास्त वेगाने फिरत असतो, हवा जास्त तापत असते आणि एक्झॉस्टमधला दाब वाढलेला असतो. अशा गाडीवर ताकद वाढवणारा ट्यून, म्हणजे इसीयूचं बदललेलं सॉफ्टवेअर, चढवला की ते लपलेलं दुखणं एकदम वर येतं, आणि तेव्हा ते वितळलेल्या पिस्टनच्या रूपात समोर येऊ शकतं.

मी हे उलट्या क्रमाने शिकलो. माझ्या पहिल्या टर्बो गाडीला ट्यून केल्यावर चौथ्या गिअरमध्ये बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, घसरायचा. मी बूस्टचा सोलेनॉइड (वेस्टगेटला हुकूम देणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बदलला, मग प्रेशर सेन्सर बदलला, मग टर्बोच गेला असं ठरवून नवा टर्बो शोधायला लागलो. शेवटी एका संध्याकाळी इंटरकूलरची (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीची) खालची रबरी नळी काढली, तेव्हा क्लिपखाली, वरून न दिसणाऱ्या बाजूला, दोन बोटं लांबीची चीर सापडली. महिनाभराची शोधाशोध एका तासाच्या चाचणीत संपली असती. ती चाचणी खाली सविस्तर दिली आहे. हा लेख ज्यांनी आजवर फार तर ऑइल आणि एअर फिल्टर बदलला आहे त्यांच्यासाठी आहे, आणि त्यातला क्रम मुद्दाम ठरवलेला आहे: आधी गाडी निरोगी करायची, मग तिची मापं घ्यायची, बूस्ट सर्वांत शेवटी.

पायरी १: गाडीखाली जाण्याआधी

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. हायड्रॉलिक जॅकचं एक सील सुटलं तर गाडी क्षणात खाली येते. म्हणून सपाट, कडक जमिनीवर गाडी उभी करा, जमिनीवरच राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून उटी लावा, गाडी कंपनीने दाखवलेल्या उचलण्याच्या जागीच उचला आणि दोन्ही बाजूंना स्टँड लावा. मग गाडीला हाताने जोरात हलवून पाहा. ती हलली नाही तरच खाली शिरा. घरात कुणीतरी असताना हे काम करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

अवजारांत दोन गोष्टींवर कंजुषी नको: टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. नवशिक्याच्या हातून इंजिनाचं सर्वांत जास्त नुकसान बोल्ट अंदाजाने आवळल्यामुळे होतं. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की पंधरा मिनिटांचं काम आठवड्यावर जातं. बाकी सॉकेट सेट, फीलर गेज, चांगली टॉर्च, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि गाडीच्या डायग्नॉस्टिक पोर्टला लावायचा ओबीडी ॲडॅप्टर एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. ॲडॅप्टर असा निवडा जो नुसते दोषांचे कोड वाचत नाही, तर चालू गाडीची मापं नोंदवूनही ठेवतो.

टर्बोच्या आसपासचे एक्झॉस्टचे नट उष्णतेने आणि गंजाने जाम झालेले असतात. त्यांना आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, आणि काढताना एकदम जोर न लावता थोडं सैल, थोडं घट्ट असं करत आणा. तुटलेला स्टड हेडमधून काढणं हे नव्याचं काम नाही.

पायरी २: ऑइल

टर्बोमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एक एक्झॉस्टच्या गरम वायूने फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. पेट्रोल इंजिनात टर्बाइनच्या तोंडाशी वायूचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. जर्नल बेअरिंगच्या टर्बोमध्ये हा दांडा धातूवर टेकत नाही, ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगतो. तेच ऑइल दांड्याची उष्णता वाहून नेतं. त्यामुळे साध्या इंजिनात थोडं जुनं ऑइल चालून जातं, इथे नाही.

पहिला नियम: मॅन्युअलमध्ये दिलेली ग्रेड आणि कंपनीची मान्यता, दोन्ही पाळा. ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० एवढं पाहून डबा उचलू नका, मागच्या बाजूला तुमच्या कंपनीचा मान्यता क्रमांक आहे का ते वाचा. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनाला एपीआय एसपी दर्जाचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या) ऑइल घेण्याला खास कारण आहे. अशा इंजिनांमध्ये कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटण्याचा प्रकार होतो, त्याला एलएसपीआय म्हणतात. एक जोरदार फटका पिस्टनवरची रिंगांमधली कड तोडू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा याच्याशी संबंध आढळला, आणि २०२० मध्ये आलेल्या एसपी दर्जात या प्रकाराची चाचणी समाविष्ट आहे. ऑइल बदललं तरी सवयही बदला: उंच गिअरमध्ये १५००-२००० फेऱ्यांवर पाय पूर्ण दाबू नका, एक गिअर खाली घ्या.

दुसरा नियम मुदतीचा. मॅन्युअलमधली १५,००० किलोमीटरची मुदत शांत वापरासाठी असते. गाडी जोरात चालत असेल किंवा ट्यून केलेली असेल तर मी ५,००० ते ७,५०० किलोमीटरला, आणि गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलतो. लहान लहान फेऱ्याच होत असतील तर मुदत आणखी कमी करा. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि त्याला पातळ करतं. ऑइल मोजायची पट्टी काढून वास घेतला तर पेट्रोलचा वास येतो, आणि कधी कधी ऑइलची पातळी वाढलेली दिसते. वाढलेली पातळी चांगली खूण समजू नका.

बदलताना इंजिन कोमट असू द्या, उकळतं नको. ड्रेन बोल्टचा वायसर दरवेळी नवा घाला. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना ते पाहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की दाबाखाली सगळं ऑइल बाहेर येतं, आणि टर्बोला मरायला अर्धा मिनिट पुरतो. फिल्टर कापून त्याची घडी उलगडून पाहण्याची सवय लावा. चमकणारे कण दिसले तर पुढचं सगळं थांबवा आणि बेअरिंगचा शोध घ्या.

टर्बोला ऑइल नेणाऱ्या बारीक नळीकडे फार कमी लोक लक्ष देतात. काही इंजिनांत या नळीच्या बॅन्जो बोल्टमध्ये (आतून ऑइल जाणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये) छोटी जाळी असते. ती जळक्या ऑइलच्या काळ्या कणांनी भरते आणि टर्बो उपाशी राहतो. तुमच्या इंजिनात अशी जाळी आहे का ते मॅन्युअलमधून शोधा, असेल तर साफ करा किंवा बदला. परतीची नळी जाड असते आणि ती कायम उतरती हवी. ती दबली, वर वळली किंवा आत जळकं ऑइल साठलं तर टर्बोतलं ऑइल खाली जाऊ शकत नाही. मग ते सीलमधून बाहेर ढकललं जातं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि लोक चांगला टर्बो फेकून देतात.

गाडी चालू केल्यावर ऑइल गरम होईपर्यंत बूस्ट मागू नका. पाण्याचा काटा मध्यावर येतो तेव्हा ऑइल अजून मागे असतं, त्याला आणखी काही किलोमीटर द्या. थांबण्याआधीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोला तेवढं पुरतं. सलग जोरात चालवून लगेच थांबावं लागलं तर एखादं मिनिट इंजिन चालू ठेवा, नाहीतर दांड्याभोवती अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं.

पायरी ३: प्लग

दाब जितका जास्त तितकं प्लगच्या फटीतून ठिणगी उडवणं कठीण. साध्या इंजिनात १.१ मिलिमीटरची फट चालते. टर्बो गाड्यांत ती साधारण ०.७-०.८ असते आणि ट्यून केलेल्या गाडीत ०.६ ते ०.७ पर्यंत आणली जाते. फट मोठी राहिली तर जोर दिल्यावर गाडी खोकल्यासारखी अडखळते. लोक याला पेट्रोलचा दोष समजतात, पण बहुतेकदा प्लगच असतो.

प्लग इंजिन थंड असतानाच काढा. विहिरीत हवा मारून कचरा उडवा, मग सोडवा. इरिडियमच्या प्लगचं टोक केसाएवढं नाजूक असतं. फट मोजताना गेज त्यावर घासू नका, आणि वाकवायचा तर फक्त बाहेरचा पट्टा वाकवा. थंड प्रकारचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर नेणारा, प्लग घ्यायचा असेल तर आकड्यांचा घोळ लक्षात ठेवा: एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये उलट.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा आणि उजेडात पाहा. फिकट तपकिरी पोर्सिलेन ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण श्रीमंत (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त; उलट ते गरीब), ओलसर काळा चिकटा म्हणजे ऑइल वर येतंय. पोर्सिलेनवर राखाडी चमचमणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं, म्हणजे नॉकिंग (मिश्रण ठिणगीने जळण्याऐवजी आपोआप भडकणं) झालेलं आहे. अशा गाडीवर ट्यून चढवायचा विचार तिथेच सोडा.

पायरी ४: हवेची गळती शोधणं

हीच ती एका तासाची चाचणी. टर्बोच्या तोंडाला येणारी नळी काढा आणि तिथे बसेल अशा मापाची टोपी लावा. पीव्हीसीच्या टोपीला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवला की अवजार तयार. रबरी तुकडा आणि दोन क्लिपांनी ती घट्ट आवळा. इंजिनच्या क्रँककेसकडून (खालच्या, ऑइल असलेल्या पोटाकडून) येणारी ब्रीदरची, म्हणजे तिथली वाफ बाहेर काढणारी, नळी बंद करून घ्या आणि ऑइलचं झाकण सैल ठेवा, म्हणजे चुकून दाब तिकडे गेला तर सील फुटणार नाहीत. इंजिन थंड आणि बंद.

आता रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा. सुरुवात ०.३ बारने करा. तेवढ्यातच फुसफुस ऐकू आली तर आणखी दाब द्यायची गरज नाही. काही नाही ऐकू आलं तर तुमची गाडी रोज जेवढा बूस्ट चालवते तिथपर्यंत जा, त्याच्या वर नको. चष्मा घाला आणि टोपीच्या समोर उभे राहू नका, ती सुटली तर गोळीसारखी येते. मग फवाऱ्याने साबणाचं पाणी सगळ्या सांध्यांवर मारा: इंटरकूलरची दोन्ही टोकं, त्याच्या कडा, थ्रॉटलचं (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचं) तोंड, इंजेक्टरच्या रिंगा, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय उचलल्यावर अडकलेला दाब टर्बोच्या आधी परत सोडणारा), बारीक व्हॅक्यूम नळ्या. फुगे जिथे उठतील तिथे गळती. नळ्या हाताने पिळूनही पाहा, कारण माझी चीर नळी वळल्यावरच उघडायची.

दाब थोडा थोडा उतरत राहणारच. कुठल्यातरी सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात आणि हवा एक्झॉस्टमधून निघून जाते. तो आवाज सायलेन्सरच्या टोकाशी येतो, त्याची चिंता नको.

हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असलेल्या गाडीत एकच भोक दोन उलट गोष्टी करतं, आणि नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांजवळ) भोक असेल तर गाडी नुसती चालू असताना तिथे पोकळी असते, बाहेरची न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण गरीब होतं. जोर दिल्यावर त्याच भोकातून मोजलेली हवा बाहेर जाते, इंजेक्टर मात्र तिच्या हिशेबाने पेट्रोल देतात, आणि मिश्रण श्रीमंत होतं. म्हणून पी०१७१ हा गरीब मिश्रणाचा कोड आणि जोर दिल्यावर काळा धूर ही जोडी दिसली तर सेन्सर बदलण्याआधी साबणाचं पाणी काढा. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडतोय, तिथेही आधी हेच.

टर्बो उघडा पडलाच आहे तर पंख्याला बोट लावून पाहा. आडवा हलका खेळ असतो, कारण ऑइलचा थर आता नाही. पण दांडा पुढे-मागे खुळखुळत असेल किंवा पाती भिंतीला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो दुरुस्तीला गेलाच पाहिजे. इंटरकूलरच्या नळीत ऑइलचा पातळ हात सगळ्याच गाड्यांत सापडतो, साचलेलं डबकं सापडू नये.

पायरी ५: थंडावा आणि ब्रेक

कूलंट कंपनीच्या प्रकाराचाच घ्या, रंग पाहून दोन प्रकार मिसळू नका, आणि गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका. रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत पानं, किडे, धूळ यांची गादी साठते. ती हलक्या पाण्याने मागून पुढे धुवा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओल शोषलेल्या अवस्थेत तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. वेगवान गाडीत हा फरक उतारावर कळतो, पायाखालचं पेडल मऊ होऊन खाली जातं. दोन वर्षांनी, जोरात चालवत असाल तर दर वर्षी बदला. डॉट ५.१ चालतं, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि ते यात मिसळायचं नाही.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत आणखी एक काम असतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेकच्या व्हॉल्व्हच्या पाठीला ते कधी धूत नाही, आणि ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ तिथे काजळी बनून बसते. पेट्रोलमध्ये टाकायची कुठलीही बाटली तिथे पोहोचतच नाही. अक्रोडाच्या कवचाची भुकटी मारून ती साफ करतात. हे काम वर्कशॉपला द्या, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बंद नसेल तर भुकटी सिलिंडरमध्ये जाते.

पायरी ६: निरोगी गाडीची मापं लिहून ठेवा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मला विचाराल तर सगळ्या लेखात हीच सर्वांत मोलाची. कुठलाही बदल करण्याआधी तुमची मूळ गाडी कशी श्वास घेते याची नोंद हवी, नाहीतर पुढे काही बिघडलं की तुलना कशाशी करणार?

बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), रस्त्यावर नाही, तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० फेऱ्यांपासून पाय पूर्ण दाबून लाल रेषेच्या जवळपर्यंत एक ओढ घ्या आणि इतक्या गोष्टी नोंदवा: फेऱ्या, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, वेस्टगेट ड्यूटी (वेस्टगेट बंद ठेवायला इसीयू किती टक्के जोर लावतो), आत येणाऱ्या हवेचं तापमान, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे श्रीमंत), नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर रेलमधला (इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या नळीतला) पेट्रोलचा दाब. बाहेरचं तापमान आणि टाकीतल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (नॉकिंगला दाद न देण्याचा आकडा) लिहा.

बूस्ट वाचताना एक चूक टाळा. काही ॲप एकूण दाब दाखवतात, म्हणजे वातावरणाचा धरून. समुद्रसपाटीला तो साधारण १ बार असतोच. स्क्रीनवर २ बार दिसले तर बूस्ट १ बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय.

सुरुवातीला ज्या खोडीबद्दल लिहिलं ती पकडायची जागा म्हणजे वेस्टगेट ड्यूटी. बूस्ट मागितल्याइतका मिळतोय, पण गेल्या महिन्यात ज्याला ५० टक्के लागायचे त्याला आता ७० लागतात, तर इसीयू काहीतरी भरून काढतोय. चालवताना हे कधीच कळणार नाही, नोंदीत लगेच दिसतं. हवेचं तापमानही असंच बोलकं. ३० अंशांची हवा १ बार बूस्टला दाबली की, कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तरी, ती १२० अंशांच्या वर जाते. ती खाली आणणं इंटरकूलरचं काम. एका ओढीत तापमान भराभर चढत गेलं तर इंटरकूलर तुडुंब तापलाय. फ्युएल ट्रिम (इसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती) उणे-अधिक ५ टक्क्यांत असेल तर उत्तम, १० च्या पुढे गेला तर पायरी ४ ला परत जा. नॉकच्या रकान्यात एखाद्या सिलिंडरला क्वचित एक-दोन अंश दिसले तर घाबरू नका. दरवेळी, त्याच फेऱ्यांवर, सगळ्या सिलिंडरांत दिसले तर ते खरं आहे.

पायरी ७: आता बदल, आणि तेही या क्रमाने

आधी टायर आणि ब्रेक पॅड. यावर वाद घालणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

दुसरा इंटरकूलर. तो ताकद वाढवण्यापेक्षा ताकद टिकवतो, पाचव्या ओढीला गाडी पहिल्यासारखी राहते. पण भला मोठा घेतला तर त्यातून जाताना हवेचा दाब घटतो आणि मागच्या रेडिएटरची हवा अडते. तुमच्या जागेत नीट बसणारा, दाब फारसा न घटवणारा घ्या. नळ्यांची टोकं तेलकट, निसरडी ठेवू नका, कडांवरचं ऑइल पुसून मगच क्लिप आवळा, नाहीतर पहिल्याच ओढीला नळी निसटते.

मूळ एअर फिल्टरची पेटी बहुतेक गाड्यांत पुरेशी असते. उघडा फिल्टर आवाज छान करतो आणि बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हही आवाजासाठीच. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत तो मोजलेली हवा फेकतो आणि गिअर बदलताना मिश्रण क्षणभर श्रीमंत होतं. मी मूळचा डायव्हर्टर ठेवा असंच सांगतो.

डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप, मोठा केला की टर्बाइनच्या मागचा अडथळा कमी होतो आणि टर्बो लवकर जागा होतो. त्यासोबत दोन गोष्टी येतात. पहिली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकणं अनेक देशांत बेकायदा आहे आणि हवेला ते वाईटच आहे, म्हणून जास्त प्रवाहाचा कन्व्हर्टर असलेलाच पाइप घ्या. दुसरी, वायू इतका मोकळा वाहू लागतो की लहान वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट चढत जातो. याला बूस्ट क्रीप म्हणतात, आणि ट्यून न करता डाउनपाइप लावलेल्या गाडीत पी०२३४ हा जास्त बूस्टचा कोड दिसण्यामागे हे एक कारण असू शकतं. विमा आणि वॉरंटीचा विचार बदल करण्याआधी करा, विमा कंपनीला कळवायचं असेल तर कळवा.

पायरी ८: ट्यून

स्टेज एक, दोन, तीन यांची कुठेही ठरलेली व्याख्या नाही. साधारणपणे एक म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, दोन म्हणजे डाउनपाइप-इंटरकूलरसह, तीन म्हणजे मोठा टर्बो. विकणाऱ्याला स्टेज विचारू नका, हे विचारा: कोणत्या ऑक्टेनसाठी लिहिलाय, बूस्ट किती, पूर्ण जोरावर लॅम्डा किती, आणि माझ्या नोंदी तुम्ही पाहणार का? नोंदी न पाहता फाइल पाठवणाऱ्याकडून घेऊ नका.

पूर्ण बूस्टवर लॅम्डा सहसा ०.७८ ते ०.८५ च्या दरम्यान ठेवतात. जादा पेट्रोल वाफ होताना सिलिंडर थंड करतं आणि नॉकिंग दूर ठेवतं. ऑक्टेनचा आकडा पाहताना पद्धत पाहा. काही देशांत पंपावर आरओएन लिहितात, काही ठिकाणी आरओएन आणि एमओएन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी, त्यामुळे सरासरी लिहिणाऱ्या ठिकाणचं ९१ म्हणजे साधारण ९५-९६ आरओएन. ९८ साठी लिहिलेल्या ट्यूनमध्ये ९५ भरलं तर संगणक टायमिंग मागे घेत राहतो, ताकद जाते, एक्झॉस्ट तापतो.

नॉकिंगशी हा झगडा टर्बो गाडीइतकाच जुना आहे. १९६२ साली आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरचं कॉम्प्रेशन (सिलिंडर मिश्रणाला किती पट दाबतो ते) १०.२५ होतं, टर्बोसाठी फार. म्हणून इंजिनात डिस्टिल्ड वॉटर आणि मेथनॉलचं मिश्रण फवारायची वेगळी टाकी दिली होती. अनेक मालकांनी ती भरायचीच सोडली, गाडी बूस्ट कमी करायची, तक्रारी यायच्या, आणि पुढे कितीतरी गाड्यांमधला टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवला गेला. तुमच्या ट्यूनला ९८ लागत असेल तर ती तुमची टाकी समजा. रोज भरता येणार नसेल तर खालच्या ऑक्टेनचा ट्यून घ्या.

इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे राहत असतील किंवा शेवटच्या फेऱ्यांत रेलचा दाब कोसळत असेल तर बूस्ट वाढवायला जागा उरलेली नाही, आधी पेट्रोलचा पुरवठा वाढवा. आणि नव्या गाड्यांना हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर लावू नका. इसीयू टॉर्कच्या हिशेबावर चालतो, त्याला न सांगता वाढलेला दाब तो पेट्रोल तोडून थांबवतो.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत वाढलेला टॉर्क आधी क्लचला सापडतो. चौथ्या गिअरमध्ये बूस्टवर फेऱ्या एकदम चढल्या आणि वेग मात्र चढला नाही तर क्लच घसरतोय.

पायरी ९: पहिले ५०० किलोमीटर

ट्यून चढल्यावर त्याच ट्रॅकवर, त्याच गिअरमध्ये, शक्यतो तशाच हवेत पुन्हा ओढ घ्या आणि पायरी ६ ची नोंद शेजारी ठेवा. बूस्ट वाढला, तर वेस्टगेट ड्यूटी किती वाढली, हवा किती तापली, नॉकचा रकाना भरला का? ५०० किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळून पाहा, कारण नवीन सिलिकॉनच्या नळ्या उष्णतेने बसतात आणि क्लिपा सैल पडतात. एक्झॉस्टच्या जोडावर काळ्या रेघा दिसल्या तर गॅस्केट फुंकतंय. प्लग एकदा काढून पाहा. ऑइल मुदतीआधी बदला आणि फिल्टर कापा.

टर्बो बदलायची वेळ आलीच तर आधीचा का मेला ते सापडल्याशिवाय नवा बसवू नका: ऑइलची नळी, परतीची नळी, आत गेलेला एखादा नट. नवीन टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता, पंखा हाताने फिरवा, नळ्या नव्या लावा. मग पेट्रोल आणि ठिणगी बंद ठेवून ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. त्यानंतरच इंजिन चालू करा, आणि पहिली काही मिनिटं पाय ॲक्सिलरेटरपासून दूर ठेवून सगळ्या सांध्यांवर टॉर्च फिरवा.